टीएलडी बॅज: सोलापुरातल्या एक्स-रे तंत्रज्ञांनी अर्ज कसा करावा

रेल्वे लाइन्सपासून होटगी रोडपर्यंत एक्स-रे आणि सीटीची सेंटरं भरपूर झाली आहेत. नव्याने कामाला लागलेल्या पोराला विचारलं, "बॅज आला का?" तर उत्तर ठरलेलं: "सर म्हणाले, येईल." टीएलडी बॅज म्हणजे कामावर अंगावर किती किरण पडले ते मोजणारी, कपड्याला लावायची छोटी डबी. तो येईपर्यंत त्या किरणांचा हिशेब कुठेच लागत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी मर्यादा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार किरणोत्सारात काम करणाऱ्याला सलग ५ वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचं, म्हणजे डोसचं माप) आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० चालतात. शिकाऊ उमेदवाराला वर्षाला ६. सामान्य माणसाला फक्त १, म्हणजे बाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईकही यातच आले. तंत्रज्ञ ताईंनी गरोदर असल्याचं कळवलं, की पुढच्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. हे लाजून लपवू नका, लगेच लेखी कळवा. रुग्णाला अशी मर्यादा नसते. तपासणी गरजेची आहे का, हे डॉक्टर ठरवतात.

आता अर्ज. तंत्रज्ञाने एकट्याने करायचा नसतो, तो संस्थेमार्फत जातो. संस्थेची नोंदणी मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर हवी. त्यासाठी संस्थेचा पुरावा आणि मालकाचं ओळखपत्र लागतं. मशीनचा परवाना किंवा नोंदणीही तिथूनच होते. मग मान्यताप्राप्त टीएलडी प्रयोगशाळेकडे कर्मचाऱ्यांची यादी पाठवायची. तुमच्याकडून फोटो, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा आणि डिप्लोमा किंवा पदवीचं प्रमाणपत्र घेतील. वय १८ पूर्ण हवं. झेरॉक्सचा एक संच स्वतःजवळही ठेवा.

बॅज साधारण तीन महिन्यांनी बदलतो. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर तीन पांढुरक्या तबकड्या असतात. प्रयोगशाळेत त्या तापवतात. साठलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते आणि त्या उजेडावरून डोस मोजतात. म्हणजेच उष्णता ही बॅजची शत्रू. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ला टेकतो, तेव्हा स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या बॅजची नोंद पुसट होऊ शकते.

दुसरी चूक मी स्वतः पाहिली आहे. ॲप्रनला लावलेला बॅज एका सहकाऱ्याने ॲप्रनसकट एक्स-रे खोलीतच टांगून ठेवला. तीन महिन्यांनी भलताच मोठा आकडा आला आणि त्याला खुलासा देत बसावं लागलं. बॅज छातीवर, लेड ॲप्रनच्या आत लावायचा. काम संपलं की खोलीबाहेर, सावलीत, थंड जागी ठेवायचा. संचासोबत एक कंट्रोल बॅज येतो, तो कोणी लावायचा नाही. किरण पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवायचा, कारण बाकीच्यांच्या डोसमधून त्याचाच आकडा वजा होतो.

अहवाल आला की आरएसओंकडून (संस्थेचे किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) स्वतःचा आकडा मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

नोकरी बदलताना जुना वैयक्तिक टीएलडी क्रमांक नव्या संस्थेच्या अर्जात लिहा. नवा क्रमांक घेतला तर आधीच्या वर्षांचा डोस मागेच राहतो, आणि पाच वर्षांची बेरीज चुकते.