पूल ढासळतो तो पायापासून

पावसाळा लागला की कोकणात दोन समजुती हटकून ऐकू येतात: ब्रिटिशकालीन दगडी पुलाला काही होत नाही, आणि झालेच तर नदीने बळी मागितलेला असतो. महाडजवळचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, तरीही या दोन्ही समजुती शाबूत आहेत.

दगडी कमान दगडांच्या परस्पर दाबावर उभी असते, त्यामुळे माफक ओझ्याने ती उलट आवळली जाते. तिचा कस लागतो तो खांबाच्या तळाशी. नदीत पृष्ठभागाजवळ पाण्याचा वेग जास्त आणि तळाशी कमी असल्यामुळे खांबाच्या तोंडावरचा दाबही वर जास्त व खाली कमी राहतो. या फरकामुळे पाणी खांबाला लगटून सरळ खाली घुसते, तळाशी वळसा घेते आणि घोड्याच्या नालासारखा भोवरा होऊन खांबाला दोन्ही अंगांनी कवेत घेत पायाजवळची वाळू उपसू लागते. मुरुड किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर लाट परतताना टाचेखालची वाळू सरकते, तो याच घटनेचा छोटा अवतार. प्रवाह किती वजनाचा दगड ढकलू शकतो, हे वेगाच्या सहाव्या घातावर ठरते, म्हणजे वेग दुप्पट झाला की वजन ६४ पट.

येथे वस्तीचा संबंध येतो. पुलाच्या तोंडाशी आधी चहाची टपरी, मग गॅरेज, मग काठावर भराव टाकून उठवलेली घरे, अशी वस्ती वाढते. भरावामुळे पात्र एक पंचमांशाने अरुंद झाले, तर तेवढ्याच खोलीतून तेवढेच पाणी जाण्यासाठी वेग सव्वापट व्हावा लागतो, आणि सव्वाचा सहावा घात जवळजवळ पावणेचार होतो.

एक खांब खचला की त्याच्या दोन्ही कमानी जातात. मग पलीकडच्या खांबांवर दोन बाजूंनी येणारा रेटा एकतर्फी होतो आणि तेही कलंडू शकतात. खांब तगला, तर पूर ओसरताना मात्र त्याच्या पायाजवळ उपसला गेलेला खड्डा भुसभुशीत गाळाने आपोआप बुजतो. मे महिन्यात कोरड्या पात्रात उतरून पाहणाऱ्याला खांब ठाकठीक दिसतो. लोखंडी सळई खुपसली, तरच ती कुठे अडते आणि कुठे सरसर आत जाते, ते कळते.