दाताची कीड: दिसणे, समजणे आणि उपचार ठरवणे

मराठीत दात किडतो, त्याला कीड लागते. दातात बारीक अळी शिरते आणि तो आतून पोखरते ही फार प्राचीन समजूत या शब्दात जपली गेली आहे. मेसोपोटेमियातील मातीच्या पाट्यांवर या अळीची कथा कोरलेली सापडते, आणि युरोपातही अठराव्या शतकापर्यंत ही कल्पना टिकून होती. फ्रान्समधील प्येर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या दंतशल्यावरील ग्रंथात ती नाकारली आणि दातांच्या नाशासाठी साखरेकडे बोट दाखवले. त्याआधी, १६८३ मध्ये, डेल्फ्टच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरचे पांढरे किटण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्मजीव पाहिले होते. परंतु ते जीव आणि दाताचे दुखणे यांचा संबंध जोडला जाण्यास आणखी दोन शतके लागली. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या जिवाणूशास्त्राच्या प्रभावाखाली काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडले की, तोंडातील जिवाणू अन्नातील शर्करा आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताच्या कठीण कवचातील खनिजे विरघळवते. आजचे स्पष्टीकरण अधिक तपशीलवार असले तरी त्याचा पाया हाच आहे.

दंतरोगांच्या निदान व उपचारांतील आजच्या संशोधनाकडे पाहताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. रोगाची खूण डोळ्यांना दिसू लागणे आणि त्या खुणेचा अर्थ कळणे या दोन घटना या इतिहासात क्वचितच एकाच वेळी घडल्या. मधल्या काळात जे उपचार झाले, त्यांची किंमत रुग्णांनी मोजली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निदानाची साधने म्हणजे डोळा, टोकदार सळई आणि रुग्णाची तक्रार एवढीच होती. दात दुखू लागेपर्यंत कीड बहुधा गाभ्यातील मज्जातंतूपर्यंत पोहोचलेली असे, त्यामुळे दात उपटणे हाच मुख्य उपचार उरत असे. वेदनेवरचा पहिला मोठा विजय दोन दंतवैद्यांच्या प्रयत्नांतून आला, याचा अभिमान या शाखेने अवश्य बाळगावा. हार्टफर्डचे होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. पुढे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल दिली आणि शल्यचिकित्सक जॉन वॉरन यांनी मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया केली. सर्व शस्त्रक्रियाशास्त्राचे रूप त्यामुळे पालटले. दातांच्या बाबतीत मात्र भुलीचा एक परिणाम उलटा झाला. दात काढणे सुसह्य झाले, त्याच सुमारास कठीण केलेल्या रबराच्या स्वस्त कवळ्या मिळू लागल्या, आणि वाचवता येण्याजोगे दातही सरसकट काढले जाऊ लागले.

दंतवैद्यकाचे शिक्षण तोवर वैद्यकापासून वेगळे झाले होते. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे स्थापन झालेले दंतशल्य महाविद्यालय हे या प्रकारचे जगातील पहिले मानले जाते. या विभक्तपणाने दंतवैद्यकाला स्वतःची शिस्त आणि प्रतिष्ठा मिळवून दिली; पण तोंड आणि उर्वरित शरीर यांच्यामधला प्रश्न कोणी तपासायचा, हेही त्यामुळे दीर्घकाळ अनिश्चित राहिले.

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला आणि वर्षअखेरीस तो जाहीर केला. अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइगचे ऑटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दाढांची क्ष-किरण प्रतिमा घेतली. त्यासाठी त्यांना सुमारे २५ मिनिटे किरणांसमोर निश्चल राहावे लागले. न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स यांनी त्याच वर्षी हे तंत्र रुग्णांसाठी वापरण्यास सुरुवात केली. यंत्र जुळवण्यासाठी ते आपलाच हात वारंवार किरणांसमोर धरत. पुढे त्यांना कर्करोग झाला, बोटे गेली, मग हात गेला आणि असह्य यातनांत १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवले. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच गिनीपिगवर प्रयोग करून या किरणांचा धोका दाखवून दिला होता आणि किरण निर्माण करणाऱ्या नळीभोवती शिशाचे आवरण असावे, असे सुचवले होते. त्यांच्या इशाऱ्याकडे समकालीनांनी लक्ष दिले असते तर अनेक हात वाचले असते.

क्ष-किरणांनी पूर्वी कधीच न दिसलेली गोष्ट दाखवली: वरून ठीक दिसणाऱ्या, मुळीच न दुखणाऱ्या दाताच्या मुळाशी जबड्याच्या हाडात पडलेली काळसर सावली. याच सुमारास, १९१० मध्ये, ब्रिटिश चिकित्सक विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्याख्यानात, तोंडातील दडलेला जंतुसंसर्ग हा शरीरातील अनेक दीर्घ आजारांचे मूळ असल्याचे आग्रहाने मांडले. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी अमेरिकेत या विचाराचा जोरदार पुरस्कार केला. संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, अशक्तपणा, एवढेच नव्हे तर मानसिक आजारसुद्धा दातांतून व टॉन्सिलमधून शरीरात पसरणाऱ्या विषामुळे होतात, असे सांगितले जाऊ लागले. कल्पना आणि प्रतिमा एकमेकींना पुष्टी देत गेल्या: सिद्धांताने संसर्गाचे दडलेले केंद्र शोधायला सांगितले आणि क्ष-किरणांनी ते दाखवले. या मताच्या प्रभावाखाली निरोगी दातांसह सगळे तोंड रिकामे केले गेलेल्या रुग्णांची संख्या फार मोठी होती. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि पुढे मोठ्या आतड्याचे भागही काढले, आणि त्या शस्त्रक्रियांत अनेक रुग्ण दगावले.

येथे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे, कारण ही केवळ काही दुराग्रही माणसांची गोष्ट नव्हती. मूळ निरीक्षणात तथ्य होते. दातातील जंतू रक्तात उतरू शकतात आणि आधीच सदोष असलेल्या हृदयाच्या झडपांवर गंभीर संसर्ग करू शकतात. चूक होती ती पडताळणीच्या पद्धतीत. दात काढल्यावर ज्यांना बरे वाटले त्यांची नोंद झाली. दात न काढताही तितक्याच रुग्णांना बरे वाटले असते का, हे कोणी विचारले नाही. या सिद्धांताचे एके काळचे समर्थक रसेल सेसिल यांनी १९३८ मध्ये सहकाऱ्यासह संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा दात व टॉन्सिल काढल्याने लाभ होतो या दाव्याला आधार मिळाला नाही. दहा वर्षांनी क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची, रुग्णांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, विभागणी करून घेतलेली ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली आणि उपचारांच्या परिणामांची तुलना कशी करावी याचा आदर्श वैद्यकाला मिळाला.

किडीचे आकलनही दरम्यान बदलत होते. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पण हेच दात सहसा किडत नाहीत, हे तेथील दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टिपले. त्यामागे पाण्यातील जास्तीचे फ्लोराइड आहे, हे १९३१ मध्ये स्पष्ट झाले. अमेरिकी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांच्या पाहण्यांतून असे दिसले की, एक लिटर पाण्यात सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर डाग नगण्य राहतात आणि कीड लक्षणीय घटते. जानेवारी १९४५ मध्ये मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने प्रथम पाण्यात ठरवून फ्लोराइड मिसळले. सुमारे अकरा वर्षांनी, त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधील कीड ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले.

यापेक्षाही महत्त्वाचे होते ते त्यामागील कारण कळणे. साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरील किटणाची आम्लता वाढते आणि नंतर लाळ ती हळूहळू पूर्ववत करते, हे रॉबर्ट स्टेफन यांनी १९४० च्या दशकात मोजून दाखवले. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे झालेल्या अभ्यासातून साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट स्वरूपात खाल्ली हे अधिक निर्णायक असल्याचे सिद्ध झाले. हे ज्ञान मात्र मतिमंदांच्या संस्थेतील, संमती देऊ न शकणाऱ्या माणसांचे दात किडवून मिळवलेले आहे, आणि त्याचा उल्लेख या कलंकाविना होऊ नये. या सर्व कामातून कीड ही एकेरी वाटचाल नसल्याचे लक्षात आले. दातातून खनिजे जातात आणि लाळेतून परतही येतात. फ्लोराइड ही परतीची वाट सुकर करते. खड्डा पडण्यापूर्वीची कीड थांबवता येते, काही अंशी भरूनही येते.

त्यामुळे उपचारांचा आकार घटत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकी दंतवैद्य ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांच्या काळात, किडीभोवतीचा चांगला भागही कोरून चांदी भरण्याची रीत होती, कारण चांदी दाताला चिकटत नसे आणि कीड पुन्हा लागण्याची भीती असे. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी एनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण कवचावर, फॉस्फोरिक आम्ल लावून त्यावर राळ घट्ट बसवण्याची युक्ती दाखवली, आणि पुढे दातासारख्या रंगाचे मिश्रण नेमक्या खड्ड्यापुरते भरणे शक्य झाले. आज लहान मुलांच्या दाढेतील कीड न कोरता तिच्यावर धातूची टोपी बसवली जाते, किंवा सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या चांदी व फ्लोराइड असलेल्या द्रव औषधाचा थेंब लावून ती जागीच थोपवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

निदानाची यंत्रेही याच काळात सूक्ष्म झाली. दोन दाढांमधील कीड दाखवणारी, दातांत पट्टी चावून धरण्याची फिल्म हॉवर्ड रेपर यांनी १९२५ मध्ये आणली. गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू छेदांमध्ये दाखवला, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस शंकूच्या आकाराच्या किरणशलाकेचे तंत्र वापरून केवळ जबड्याची त्रिमितीय प्रतिमा देणारी यंत्रे आली.

तोंड आणि शरीर यांचा जुना प्रश्नही नव्या रूपात परतला आहे. १९८९ मध्ये फिनलंडमधील एका अभ्यासाने खराब दात आणि हृदयविकाराचा झटका यांच्यात संबंध दाखवला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये पुराव्यांचा आढावा घेऊन हिरड्यांचा रोग आणि हृदयविकार यांच्यात संबंध आढळत असल्याचे, पण एकामुळे दुसरे होते असे सिद्ध न झाल्याचे नोंदवले. मधुमेहाच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे: मधुमेहामुळे हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांवर उपचार केल्यास रक्तशर्करेच्या दीर्घकालीन पातळीत थोडी घट होते. शंभर वर्षांपूर्वी एवढा संयम दाखवला गेला नव्हता.

सध्या संगणकप्रणाली क्ष-किरण प्रतिमांतील किडीच्या सावल्या ओळखू लागल्या आहेत. त्यांना शिकवण्यासाठी वापरलेल्या प्रतिमांवर खुणा मात्र बहुतेक वेळा दंतवैद्यांनीच केलेल्या असतात, त्यामुळे यंत्राचे आणि तज्ज्ञांचे मत जुळले तरी त्या दाताचे पुढे काय झाले असते, हे त्यातून कळत नाही. एका प्रतिमेतली सावली खनिज कमी झाल्याचे सांगते. ते अजून कमी होत आहे की पूर्वीच थांबले आहे, हे सांगत नाही. त्यासाठी दाताचा पृष्ठभाग स्वच्छ करून हवेच्या झोताने काही सेकंद सुकवतात आणि गोल टोकाची सळई त्यावरून हलकेच फिरवतात: डाग खडूसारखा निस्तेज व खरखरीत लागला तर कीड चालू आहे, चकचकीत व गुळगुळीत लागला तर ती बहुधा थांबलेली आहे.