जुना सिंथ खोलायचा का नवा बनवायचा? आधी एप्रिल येऊ दे

मिरजेत सितार-तानपुरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत कुणाला जवारी काढताना बघितलंय का? घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं, असं तासभर चालतं. तानपुरा तोच, भोपळा तोच, पण घोडीच्या त्या केसभर उतारामुळे तार पृष्ठभागाला घासत थरथरते आणि एका सुरातून वरचे हार्मोनिक (त्याच सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर) सुटे होऊन ऐकू यायला लागतात. विजेच्या वाद्याला असलं काही करायचं झालं तर दोन रस्ते, जुना सिंथेसायझर खोलून बदलायचा नाहीतर कोऱ्या पीसीबीपासून (सुटे भाग जोडायच्या सर्किटच्या पाटीपासून) स्वतःचा बनवायचा. मी सांगलीत बसून दोन्ही उद्योग केलेत. जुना बदलणं सोपं, बरंचसं काम झालेलंच असतं, असं मलापण वाटायचं.

जुना मिळाला तो ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका काकांकडून, ऐंशीच्या दशकातला, जपानी, एका वेळी एकच सूर वाजवणारा, माळ्यावर वीसेक वर्षं पडलेला. काकांची अट एकच, "काय बी कर, पण भोकं पाडू नको." पहिला गाढवपणा माझाच, मागे १०० व्होल्ट लिहिलेलं वाचलंच नाही आणि सरळ आपल्या २३० मध्ये घातला. फ्यूज उडाला म्हणून वाचला. मग स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, चालू केला तर सुराआधी नुसता घूंऽऽ. हा १०० हर्ट्झचा हम, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा डीसी करताना दुप्पट होतो तो, आणि त्याला गाळणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असतात. ते बदलले की निम्मा आजार जातो. (तुमचा सिंथ मेमरीवाला असेल तर आतली निकेल-कॅडमियम बॅटरी आधी बघा, ती गळली की तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकते.)

आता बदलायचं म्हणजे काय बदलायचं? ॲनालॉग सिंथमध्ये ऑसिलेटर करवतीच्या दातांसारखी लाट काढतो, तिच्यात सगळे हार्मोनिक ठासून भरलेले असतात, आणि फिल्टर त्यातले वरचे कापतो. मूग कंपनीच्या १९७० च्या मिनीमूग सिंथमधला गाजलेला फिल्टर एका सप्तकामागे २४ डेसिबल कापतो, म्हणजे सप्तकभर वर गेलं की आवाजाची लाट साधारण सोळावा हिस्सा उरते. हा कुठून कापायला लागणार ते ठरतं त्यातल्या कंडेन्सरवर, किंमत निम्मी केली की कापायची जागा एक सप्तक वर सरकते. चार बारके कंडेन्सर, पाचदहा रुपयांचं काम, आणि वाद्याचा स्वभावच बदलतो. माझ्या मते सिंथची जवारी ती हीच.

नवा बनवायला मात्र पहिल्या संध्याकाळी फार मजा येते. ४०१०६ नावाची एक आयसी (चिप) मिळते, तिच्यात सहा इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारी सर्किटं), प्रत्येकाला एक रेझिस्टन्स आणि एक कंडेन्सर लावला की ब्रेडबोर्डवर (डाग न देता सर्किट जुळवायच्या पाटीवर) सहा ऑसिलेटर किंचाळायला लागतात, घरचे दार लावून घेतात. आवाज काढायला एक संध्याकाळ लागते. तो सुरात ठेवायला मला सहा महिने लागले.

कारण असं, की कीबोर्डकडून येणारं व्होल्टेज सरळ चढतं, एका सप्तकाला १ व्होल्ट, पण सुराची कंपनं सप्तकागणिक दुप्पट होतात, म्हणजे मधे कुणीतरी बेरजेचा गुणाकार करायला पाहिजे. ते काम एक ट्रान्झिस्टर करतो, त्याच्या बेसवर साधारण १८ मिलीव्होल्ट वाढले की करंट दुप्पट. पण हे १८ काही पक्के नाहीत, तापमानाबरोबर वाढतात, दर अंशाला ०.३३ टक्के. तापमान १० अंशांनी वाढलं की सप्तक जवळजवळ ४० सेंटनी आखूड होतं, आणि अख्खा अर्धा सूर असतो १०० सेंटचा. आता सांगलीचा एप्रिल आठवा, सकाळी सात आणि दुपारी तीन. सकाळी लावलेला माझा सिंथ दुपारी मारव्यात आहे का भुताटकीत, कळायचं नाही.

जुन्यात हा प्रश्न कुणीतरी आधीच सोडवलेला. दोन जुळ्या ट्रान्झिस्टरना चिकटवून एक खास रेझिस्टन्स बसवलेला, जो उष्णतेने त्याच प्रमाणात वाढतो आणि चूक भरून काढतो. मला आधी ते नुसतं डिंक सांडल्यासारखं दिसलं होतं, साफ करणार होतो! जुन्याची भीती असली, ज्याचं कारण कळत नाही ते हातून उपटलं जातं. १९८४ च्या रोलँड जुनो-१०६ ने तर सूर क्वार्ट्झ घड्याळात असतो तशा क्रिस्टलच्या ठोक्यांवरच बांधला, उष्णतेचा प्रश्नच निकालात.

मग नव्याचा फायदा काय? माझ्यासाठी गंधार. जुन्यांच्या कीबोर्डमध्ये बऱ्याचदा सारख्या किंमतीच्या रेझिस्टन्सची माळ असते, त्यामुळे सगळे अर्धसूर समान, आणि गंधार येतो ०.३३३ व्होल्टवर. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार सा च्या सव्वापट असतो, त्याला लागतात ०.३२२, म्हणजे ११.४ मिलीव्होल्ट कमी. ती माळ उसवून हे करणं म्हणजे पापच. पण स्वतःचा कीबोर्ड बनवला, मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी चिप) आणि १२ बिटांचा डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) लावला, तर ५ व्होल्टचे ४०९६ तुकडे पडतात आणि गंधार नऊ तुकडे खाली आणणं म्हणजे प्रोग्राममधला एक आकडा बदलणं.

शेवटी मी तेच केलं. काकांच्या सिंथला मागे सीव्ही (सुराचं व्होल्टेज) आणि गेटचे (पट्टी दाबली-सोडली सांगणारे) जॅक होतेच, रोलँडच्या १९८२ च्या एसएच-१०१ लापण असतात, त्यात माझा नवा कीबोर्ड जोडला. भोक एकपण नाही.

काका ऐकायला आले एका भर दुपारी. वाजवून बघितलं, म्हणाले, "गंधार लागला की रं! पण वरचा सा खाली बसतोय." मी वैतागून सगळे आकडे तपासले, बरोबर होते. मग लक्षात आलं, सिंथचं झाकण उघडंच होतं आणि वर पंखा पाचवर, तो खास रेझिस्टन्स वाऱ्याने गार पडत होता आणि ट्रान्झिस्टर गरमच. झाकण लावलं, पंखा बंद केला, दोघं घामाघूम होऊन अर्धा तास बसलो, आणि सा वर आला.