एका इमेजचे शंभर डेस्कटॉप, अन् सगळ्यायची ओळख एकच

2025 च्या ऑगस्ट अखेरपासून विंडोजचे जे अपडेट आले, त्यानंतर बऱ्याच ऑफिसात एक विचित्र भानगड सुरू झाली. कालपर्यंत शेजारच्या कॉम्प्युटरचं शेअर्ड फोल्डर उघडत होतं, आज पासवर्ड बरोबर टाकला तरी घेत नाही, रिमोट डेस्कटॉपही लागत नाही. अशा वेळी आपल्याकडे लगेच "व्हायरस आला", "हॅक झालं" हे फॉरवर्ड फिरतात. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबरात कारण सांगितलं ते भलतंच होतं, की या मशिनी एकमेकींच्या कॉप्या आहेत अन् कॉपी काढताना कोणी त्यांची जुनी ओळख पुसलीच नाही.

आता हे तुमच्या-आमच्या कामाचं काऊन, तर गावोगावचे पोट्टे आजकाल घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यायचं काम करतात ते बरेचदा क्लाउड डेस्कटॉपवर. म्हणजे समोर जुना लॅपटॉप असतो, पण खरं विंडोज चालते डेटा सेंटरात (मायक्रोसॉफ्टचं एक पुण्याकडंच आहे, 2015 पासून), अन् तुमच्यापर्यंत फक्त स्क्रीनचं चित्र येते. लाईन गेली, राऊटर बंद पडला, तरी तिकडची एक्सेल फाईल उघडीच राहते, लाईन आल्यावर पुन्हा जोडायचं. काहीजण क्लाउड म्हटलं की वर आभाळात बोट दाखवतात. राजेहो, तो जमिनीवरचाच कॉम्प्युटर आहे, दुसऱ्याच्या खोलीतला, एवढंच.

पण कंपनीला असे पाचशे डेस्कटॉप द्यायचे असले तर पाचशे वेळा कोणी विंडोज टाकत बसत नाही. एक मशीन नीट तयार करतात, त्यात ऑफिस, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, कंपनीचं सॉफ्टवेअर, सगळे अपडेट, अन् मग त्या अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल काढतात, तिच्यावरून बाकीचे डेस्कटॉप निघतात. आपल्या शेंदुरजनाघाटच्या नर्सरीत जंबेरीच्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा बांधतात तसंच हे. एका मातृवृक्षाची हजारो रोपं, गुणानं सारखी, अन् मातृवृक्षात ट्रिस्टेझा असला तर तो रोगही सगळ्यात फुकट. म्हणून तर नागपूरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त मातृवृक्षावर एवढा जोर देते. इमेजमधे एक चुकीची सेटिंग राहिली की ती पाचशे ठिकाणी जाते. फक्त संत्र्याच्या झाडाले कोणी ओळखपत्र मागत नाही, विंडोजला मागतात, आणि खरी गंमत तिथंच आहे.

विंडोज टाकताना प्रत्येक मशीनला एक एसआयडी मिळतो, म्हणजे सुरक्षेसाठीचा ओळख क्रमांक. तो दिसतो एस-1-5-21 असा आणि त्याच्यापुढे तीन लांबलचक आकडे. पहिला 1 म्हणजे या पद्धतीची आवृत्ती, 5 म्हणजे हा नंबर विंडोजच्या सुरक्षा यंत्रणेनं दिला, अन् 21 म्हणजे यापुढचे तीन आकडे त्या मशीनचे स्वतःचे. प्रत्येक आकडा 32 बिटांचा, मिळून 96 बिट, म्हणजे शक्यता किती, तर 79 वर 27 शून्यं, त्यामुळं दोन मशिनींना योगायोगानं सारखा नंबर लागायची भीती नाहीच समजा. आता त्या मशीनवर जे युजर बनतात त्यांना नवा नंबर नाही मिळत, मशीनच्याच नंबरला शेपूट लागते, मूळ ॲडमिनिस्ट्रेटरला 500, तुम्ही बनवलेल्यांना 1000 च्या पुढं. फाईलवर परवानगी लिहिली जाते ती तुमच्या नावानं नाही, या अख्ख्या नंबरानं. म्हणून समजा दोन मशिनी पुसल्याशिवाय कॉपी केल्या अन् दोन्हीवर 1001 नंबरचा युजर आहे, एकीवर अकाउंटंट, दुसरीवर नवीन लागलेला पोरगा, तर विंडोजच्या लेखी ते दोघं एकच. अकाउंटंटनं एनटीएफएसच्या (ज्यात फाईलवर परवानगी लिहिता येते अशा फॉरमॅटच्या) पेनड्राईव्हवर फक्त स्वतःसाठी म्हणून लॉक केलेली फाईल त्या पोराच्या मशीनवर मजेत उघडते, पासवर्ड न विचारता!

मग इतकी वर्षं हे चाललं कसं? 2009 मधे मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रुसिनोविचनं लिहिलं होतं की सारख्या एसआयडीची भीती हा बहुतेक गैरसमजच आहे, अन् हा नंबर बदलायचं स्वतःचं न्यूएसआयडी नावाचं टूलही त्यानं बंद केलं. कारण नेटवर्कवरून लॉगिन करताना तेव्हा मशीनचा हा नंबर कोणी तपासतच नव्हतं. कंपनी मात्र तेव्हाही सांगत होती की कॉपी काढायची तर सिसप्रेप, म्हणजे विंडोजमधलंच जुनी ओळख पुसायचं टूल, चालवूनच, पण वाचते कोण. 2025 च्या अपडेटनं विंडोज 11 च्या 24एच2 आणि 25एच2 या आवृत्त्यांमधे तपासणी सुरू केली, सारखे नंबर दिसले की केर्बेरॉस अन् एनटीएलएम या लॉगिन तपासायच्या दोन्ही पद्धतींत ओळखपरेड नापास, विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमधे, 6167 नंबरची नोंद. सेवा केंद्रातल्या मॉनिटरवर लिंबू-मिरची टांगलेली पाहिली आहे मी, तिनं ही नोंद पुसल्या जात नाही.

उपाय म्हणजे सिसप्रेपचा जनरलाईज पर्याय. तो एसआयडी, मशीनचं नाव, हार्डवेअरच्या खुणा काढून टाकते, अन् पुढची कॉपी पहिल्यांदा सुरू झाली की स्वतःचा नवा नंबर बनवते. ॲमेझॉनच्या वर्कस्पेसेस या क्लाउड डेस्कटॉपच्या सेवेत इमेज काढताना हे आपोआप होते. मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडमधे ते तुमच्यावर आहे, तिथं स्पेशलाइज्ड इमेजही ठेवता येते जिच्यात ओळख तशीच राहते, घाईत तोच पर्याय निवडला की पुढं भोगा. आणखी एक, अझुरमधे जनरलाईज केलेली मशीन परत सुरू होत नाही, म्हणून आधी डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीची नक्कल, घेऊन ठेवायचा, पुढच्या महिन्याचे अपडेट त्याच्यावर टाकून इमेजची नवी आवृत्ती काढायची.

सिसप्रेप मधेच अडकलं तर बहुतेक वेळा दोष मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या एखाद्या ॲपचा असतो, जे एकाच युजरसाठी टाकलेलं असते, सगळ्यांसाठी नाही. सिसप्रेपच्या फोल्डरात पँथर नावाचं फोल्डर असते, त्यातल्या सेटअपॲक्ट लॉगमधे त्या ॲपचं नाव सापडते. ते काढा अन् परत चालवा.