सामाजिक सर्वेक्षणातला जैविक डेटा आणि त्याची गुणवत्ता

घरोघरी जाऊन केलेल्या सर्व्हेत प्रश्नांच्या उत्तरांसोबत माणसाच्या अंगाचंही काही मोजून नेतात, उंची, वजन, बीपी, साखर, हिमोग्लोबिन, कधी कार्डावर वाळवलेले रक्ताचे थेंब, याला जैविक डेटा म्हणतात आणि तो खरा, एकसारखा, भरवशाचा राहावा म्हणून ट्रेनिंगपासून लॅबपर्यंत जी काळजी घेतात ती म्हणजे त्याची गुणवत्ता राखणं. आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून आलं, त्याची नोडल संस्था मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. 1998-99 च्या दुसऱ्या फेरीत घरातच हिमोग्लोबिन तपासलं, 2005-06 ला एचआयव्हीची तपासणी आली, 2015-16 ला बीपी आणि साखर, 2019-21 ला वाळलेल्या रक्तावरून एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, वगैरे. पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठीचा लासी हा सर्व्हे 2017-18 चा, त्यात तर हाताची पकड किती घट्ट आहे तेही मोजलं.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारात, हे काम पुस्तकात लिहिल्यासारखं सरळ होत नाही. उत्तर चुकलं तर बाईला परत विचारता येतं, पण चुकीचा घेतलेला थेंब कम्प्युटरवर बसून कोणी दुरुस्त करू शकत नाही, त्यामुळे खरी गुणवत्ता ओट्यावरच ठरते.

कापूस वेचणीच्या दिवसातलं एका बाईचं बोट बघा. बोंडाच्या टोकांनी ओरखडलेलं, कातडी जाड, टोकाला भेगा. लॅन्सेट, म्हणजे टोचायची छोटी सुई, टोचलं तरी रक्त नीट येत नाही, मग नवखा माणूस काय करतो, बोट दाबतो, पिळतो, आणि रक्तासोबत पेशींच्या भोवतालचं पाणी येतं, रक्त पातळ होतं, हिमोग्लोबिन कमी दिसतं! आता 100 मिली रक्तात हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेलं की बिनगरोदर बाई रक्तक्षयात मोजली जाते, म्हणजे 12.3 वाली बाई नुसत्या पिळण्यानं 11.7 वर येऊन आजारी ठरू शकते. म्हणून आधी हात कोमट पाण्यानं धुवून गरम करायचा, कमी वापराच्या हाताचं मधलं किंवा अनामिका बोट घ्यायचं, टोकाच्या अगदी मध्यावर न टोचता थोडं बाजूला टोचायचं, पहिले थेंब कोरड्या गॉझनं पुसून टाकायचे आणि नंतर आपोआप फुगलेला थेंब क्युव्हेटमध्ये, म्हणजे मशीनमध्ये घालायच्या प्लास्टिकच्या चिमुकल्या पट्टीत, एकाच वेळी भरायचा, वरून परत भर घालायची नाही, बुडबुडा राहिला तर ती फेकून नवी घ्यायची.

बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यात फरक पडतो हा वाद देशपातळीवरही झाला. 2015-16 च्या फेरीत बोटातल्या रक्तावरून 6 ते 59 महिन्यांच्या मुलांत रक्तक्षय 58.6 टक्के निघाला, 2016-18 च्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन 1 ते 4 वर्षांच्या मुलांत साधारण 41 टक्के. वयोगट अगदी एकच नाही हे खरं, तरी एवढ्या फरकामागे रक्त कुठून घेतलं, कसं तपासलं हे मोठं कारण आहे असं मला वाटतं.

मग ऊन. भुसावळ-रावेर पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि क्युव्हेटचा डबा मोटरसायकलच्या डिकीत ठेवला की तो भाजूनच निघतो. नेहमीच्या वापरातल्या मशीनच्या क्युव्हेट 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात, झाकण उघडं राहिलं तर ओल धरून खराब होतात. पावसाळ्यात उलटा त्रास, रक्ताचं कार्ड वाळतच नाही. ते उन्हात वाळवायचं नाही, हातात धरून फुंकायचं तर मुळीच नाही, सावलीत आडवं ठेवून रात्रभर वाळू द्यायचं, माशा-मुंग्यांपासून झाकायचं, मग ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत झिपच्या पिशवीत घालायचं. बारकोड मात्र तिथल्या तिथेच चिकटवायचा, संध्याकाळी मुक्कामी बसून चिकटवले की सासूचं रक्त सुनेच्या नावावर जातं.

नंदुरबारची गोष्ट आणखी वेगळी. तिथे सिकलसेल आहे, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, आणि सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात म्हणून एचबीएवनसी खोटंच कमी येतं, साखर असूनही नसल्यासारखी दिसते. तोरणमाळ हजार मीटरच्या वर, तिथे विरळ हवेमुळे हिमोग्लोबिन जरा चढतं, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या तक्त्याप्रमाणे 0.8 ग्रॅम वजा करावं लागतं, म्हणजे तिथलं 12.1 खरं तर 11.3. गावाची उंची नोंदवायची राहिली की हे सगळं बोंबललं.

उंची-वजन सोपं वाटतं पण तिथेच जास्त घोळ. अंबाडा सोडायला लावायचा, चांदीचे वाळे-साखळ्या निघत असतील तर काढायला सांगायच्या, दोन वर्षांखालचं लेकरू झोपवूनच मोजायचं कारण झोपवून आणि उभं करून मोजण्यात 0.7 सेंटीमीटरचा फरक धरतात. जन्मतारखेला "होळीनंतर झाला" असं उत्तर आलं तर अंगणवाडीचं कार्ड मागायचं, दोन-तीन महिने इकडचे तिकडे झाले तरी लेकरू खुजं ठरतं किंवा सुटतं. बीपीआधी अर्धा तास चहा, बिडी, मिसरी नको, आणि आपल्याकडे पाहुणा आला की पहिला चहाच ठेवतात, तेव्हा बीपी आधी घेऊन मग चहा घ्यावा. तीन रीडिंग घ्यायची, तिन्ही खरोखर घ्यायची.

न घेतलेलं रीडिंग आकड्यात पकडता येतं. हजार उंच्यांमध्ये शेवटी शून्य किंवा पाच साधारण 200 वेळा यावेत, 400 वेळा आले तर कोणीतरी अंदाजानं लिहितंय, त्या टीमचा डेटा रोज बघून दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरनं पुन्हा मोजणी करायला जायला पाहिजे.

आणि जे भेटलेच नाहीत त्यांचं काय? दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला निघून जातात, कुलूप लागलेलं असतं, तीच माणसं सगळ्यात अशक्त असायची शक्यता, ती सुटली तर तालुक्याचं चित्र आहे त्यापेक्षा बरं दिसतं. काही घरी असून नकार देतात. म्हातारी विचारते, "आमनं रगत कथा लई जातस?", म्हणजे आमचं रक्त कुठे नेता? तिला घाईत अंगठा मारायला लावू नये, अहिराणीत, पाड्यावर असाल तर भिली-पावरीत, नीट सांगावं की कार्डावर नाव नाही फक्त नंबर आहे, लॅबला जातं, हिमोग्लोबिनचा आकडा मात्र आत्ता इथेच चिठ्ठीवर लिहून देतो. तरीही नाही म्हणाली तर नकार असा वेगळा कोड टाकायचा, कुलूप असलेल्या घराचा वेगळा, रकाना कोरा सोडायचा नाही.