पृष्ठभागावरचं ‘संरक्षण’ नेमकं कशापासून?

नवी मुंबईत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांमध्ये सध्या टोपोलॉजिकल इन्सुलेटरची चर्चा आहे, म्हणून ही पार्श्वभूमी. आतून इन्सुलेटर, पण पृष्ठभागावर किंवा कडेवर वीज वाहून नेणारा पदार्थ म्हणजे टोपोलॉजिकल इन्सुलेटर.

अशुद्धी फार वाढली की इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकतात, हे 1958 पासून माहीत आहे. 2005 नंतरच्या सिद्धांताने त्याला अपवाद दाखवला: या पदार्थांच्या कडेवरचे आणि पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन. 2007 मध्ये मर्क्युरी टेल्युराइडच्या पातळ थरात कडेवरचं वहन मोजलं गेलं आणि 2009 मध्ये बिस्मथ सेलेनाइड पुढे आलं.

तेव्हापासून ‘पृष्ठभागावर रोध नाही’ असं सर्रास लिहिलं जातं. ते साफ चूक आहे. इथे इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं अंगभूत इवलंसं चुंबकत्व, चालण्याच्या दिशेशी बांधलेला असतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनला सरळ माघारी फिरायचं तर स्पिनही उलटावा लागतो आणि बिनचुंबकी अशुद्धीला तो उलटवता येत नाही. म्हणजे बंदी आहे ती फक्त 180 अंशांच्या वळणाला. पाम बीच रोडवर यू-टर्न बंद केला तर गाडी पुढेच जाणार. मोकळ्या मैदानात मात्र थोडं थोडं वळत माघारी येता येतं. द्विमितीय नमुन्याची कड म्हणजे तो रस्ता, त्रिमितीय स्फटिकाचा पृष्ठभाग म्हणजे ते मैदान. तिथे रोध असतोच. इलेक्ट्रॉन कायमचा अडकत नाही, संरक्षण एवढंच, आणि तेही थोडंथोडकं नव्हे.

प्रयोग करणाऱ्यांची खरी डोकेदुखी आतल्या भागात होती. बिस्मथ सेलेनाइड चिकटपट्टीने सोलता येतं, एकेक थर पाच अणूंचा, जेमतेम 1 नॅनोमीटरचा. पण स्फटिक वाढवताना सेलेनियम उडून जातं आणि प्रत्येक रिकामी जागा दोन इलेक्ट्रॉन सोडते. मग ज्याने इन्सुलेटर असायचं ते अंतरंगच वीज वाहू लागतं.

चुंबकी अशुद्धी मात्र स्पिन उलटवू शकते. तिच्यामुळे पृष्ठभागावर गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मनाई असलेला ऊर्जेचा पट्टा, तयार होतो का, हा वाद अजून मिटलेला नाही. 2010 मध्ये लोह आणि मँगनीज मिसळलेल्या बिस्मथ सेलेनाइडच्या पृष्ठभागावर गॅप दिसला, श्रेय चुंबकत्वाला गेलं. 2016 मध्ये मँगनीजच्याच नमुन्यांत तो खोलीच्या तापमानालाही दिसला, जिथे त्यांचं चुंबकत्व केव्हाच मावळलेलं असतं. मधल्या काळात, 2013 मध्ये, क्रोमियम मिसळलेल्या पातळ थरांत चुंबकी क्षेत्राविना क्वांटम हॉल परिणाम (आडवा रोध एका नेमक्या किमतीवर स्थिरावणं) मिळाला, पण 30 मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ. मिसळलेले अणू विस्कळीत बसतात, हे इतकं कमी तापमान लागण्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणून मँगनीजला स्वतःचा थर असलेलं संयुग आलं. 2020 मध्ये त्याच्या पाच थरांच्या नमुन्यात हाच परिणाम 1.4 केल्विनला दिसला. तरी त्यातही मँगनीज आणि बिस्मथ जागांची अदलाबदल करतात, आणि पृष्ठभागावरचा गॅप काही मोजमापांत सापडतो, काहींत सापडत नाही.