भुवई, गाल, हनुवटी : नस हाडातून बाहेर येते कुठे?

स्कूटर घसरून गाल रस्त्यावर आपटला, आठवड्याने सूज उतरली, पण वरचा ओठ, नाकपुडीची कड आणि पुढचे दात बधिरच राहिले. गोव्यातल्या अपघात विभागांना ही तक्रार चांगलीच परिचयाची आहे. अशा वेळी पुष्कळदा गालाचं हाड मोडलेलं असतं आणि भेग डोळ्याच्या खोबणीखालच्या छिद्राजवळून गेलेली असते. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या नसेची एक फांदी तिथून बाहेर पडते. (चेहरा हलवणारी सातवी नस वेगळी, ती कानामागच्या हाडाजवळून निघते.)

पाचव्या नसेची अशी मुख्य छिद्रं प्रत्येक बाजूला तीन : भुवईखाली, गालावर आणि हनुवटीच्या बाजूला. समोर पाहणाऱ्या माणसाच्या बाहुलीतून उभी रेघ ओढली, तर तिन्ही साधारण तिच्यावर, मध्यरेषेपासून सुमारे अडीच सेंटीमीटरवर येतात. रेघ उपयोगी आहे, पण नुसत्या तिच्या भरवशावर सुरी चालवू नये.

भुवईचंच पाहा. काहींना तिथे नुसती खाच असते, बोटाला लागते. काहींना बंद छिद्र असतं. एकाच कवटीत उजवीकडे खाच आणि डावीकडे छिद्र, असंही दिसतं. शस्त्रक्रियेत कपाळाची त्वचा हाडापासून सोडवून खाली घेताना खाचेतली नस अलगद सुटते. छिद्र असेल तर त्याची खालची पातळ कड छिन्नीने आधी काढावी लागते, नाहीतर नस ताणली जाते, तुटतेही.

म्हणूनच शरीररचनेचे अभ्यासक कोरड्या कवट्या मोजत बसतात. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) काय किंवा इतर कुठे काय, पद्धत तीच. कानाच्या छिद्राची वरची कड आणि खोबणीची खालची कड एका आडव्या पातळीत येईल अशी कवटी ठेवायची. व्हर्नियर कॅलिपरने (बारीक अंतर मोजायच्या चिमट्यासारख्या मापकाने) छिद्राच्या केंद्रापासून मध्यरेषेपर्यंत आणि जवळच्या हाडाच्या कडेपर्यंत अंतर घ्यायचं, दोन्ही बाजूंनी, पुन्हापुन्हा. छिद्राचं तोंड कुठे वळलंय हे बारीक तार घालून बघायचं. माझ्या मते या दिशेला अंतराइतकंच महत्त्व आहे.

गालावरचं छिद्र खोबणीच्या कडेखाली साधारण 6 ते 10 मिलिमीटरवर असतं आणि त्याचं तोंड खाली आणि आत, नाकाकडे, वळलेलं असतं. दंतवैद्य तोंडातून तिथे भूल देतात तेव्हा एका हाताचं बोट बाहेरून छिद्रावर दाबून धरतात. सुई पहिल्या उपदाढेच्या (सुळ्यामागच्या दाताच्या) वर, ओठ आणि हिरडी जिथे जुळतात तिथून, सुमारे 16 मिलिमीटर आत जाते. आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना पाहायचं, मग सुमारे 1 मिलिलिटर औषध सावकाश सोडायचं. ते बोट शेवटपर्यंत उचलायचं नाही : सुई वर सरकून डोळ्याच्या खोबणीत शिरत नाही ना, हे तेच सांगतं.

हनुवटीच्या छिद्राची जागा वयानुसार बदलते. प्रौढांत ते बहुधा खालच्या दुसऱ्या उपदाढेखाली किंवा दोन उपदाढांच्या मध्ये असतं. दात गेले की जबड्याचं हाड वरून झिजतं आणि छिद्र हिरडीच्या माथ्याशी येतं. मग कवळी त्यावर टेकते आणि घास चावला की खालच्या ओठात कळ जाते. आजी-आजोबा अशी कवळी डब्यात ठेवून देतात. खरं तर कवळीची तेवढीच जागा आतून घासून मोकळी केली की बहुतेकदा भागतं.

खरा धोका इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून लावलेल्या कृत्रिम दाताचा. बाहेर येण्याआधी ही नस कधीकधी काही मिलिमीटर पुढे जाऊन मागे वळते, कधी शेजारी दुसरं छोटं छिद्रही असतं. साध्या ओपीजी एक्स-रेत (अख्ख्या जबड्याच्या सपाट चित्रात) प्रतिमा मोठी दिसते आणि हे वळण निसटू शकतं. त्यामुळे या भागात सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढावा आणि नसेच्या वर निदान 2 मिलिमीटर हाड राखावं. भुलीचा असर काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ बधिर असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. स्क्रू नसेवर टेकला असेल, तर तो दिवस-दीड दिवसात काढल्यास संवेदना परतण्याची आशा जास्त असते.